चाकाची मागची बाजू

ओल्या चाकावर चरा दिसत नाही. पाणी त्या चरीत जाऊन बसतं आणि वरच्या पारदर्शक लॅकरशी असं एकजीव होतं की डोळ्याला फरकच कळत नाही. आणि सर्व्हिसिंगहून गाडी हातात मिळते ती हमखास ओली. नुकतीच धुतलेली, टायरांवर काळं चकचकीत पॉलिश फासलेलं, पायाखाली नवा कागद अंथरलेला. आपण दिवसभराचं काम उरकून तिथे पोचलेलो असतो, बाहेर अंधारायला लागलेलं असतं. सही करायची, किल्ली घ्यायची, निघायचं. हा कुणी रचलेला कट आहे असं मी म्हणत नाही. पण कट रचायचाच असता तर याहून सोयीची वेळ सापडली नसती.

माझ्या गाडीची चाकं घरी येऊन वाळली. सकाळी दार उघडताना पुढच्या उजव्या चाकाच्या कडेवर काहीतरी लकाकलं म्हणून खाली बसले. रिमच्या अगदी बाहेरच्या कडेलगत केसाएवढी बारीक रेघ होती, कंपासने काढावी तशी पूर्ण वर्तुळभर फिरलेली. हवा भरायच्या व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर त्या रेघेचा खळगा झाला होता, नखाच्या टोकाएवढा, आणि आत उघडं ॲल्युमिनियम पांढरंशुभ्र चमकत होतं. मग उरलेली तीन चाकं पाहिली. रेघ चारही चाकांवर, खळगा दोनवर.

गाडीच्या बाबतीत मी फार सोवळी नाही. मागच्या बंपरवर कुणी अनामिक आपली निशाणी ठेवून गेला आहे, ती मी कधी घालवली नाही. वापरातली वस्तू खरचटणारच. पण इथे टायर बदला असं त्यांनीच सुचवलं, त्यांनीच ते विकले, त्यांनीच घातले. त्याआधी त्या रिमवरून टायर कधी उतरलेच नव्हते. कारखान्यात चढले तेच झिजेपर्यंत चालले. म्हणजे कारखाना सोडला तर या चाकांना टायरच्या मशीनचा हात लागला तो एकदाच, आणि तो कुठे लागला याची पावती माझ्या हातात होती.

फोन केला. सर्व्हिस ॲडव्हायझर गोड बोलणारा मुलगा. आदल्या संध्याकाळी त्याने माझ्यासाठी गाडीचं दारही उघडून धरलं होतं.

"मॅडम, पार्किंगला घासलं असेल."

"चारही चाकं? दोन्ही बाजूंनी?"

"तसं नाही मॅडम, पण... घरात आणखी कोण चालवतं गाडी? मिस्टर चालवतात का?"

मिस्टरांना गाडी चालवता येत नाही, हे त्याला सांगण्यात काही अर्थ नव्हता. फोटो पाठवते म्हणाले. फोटो पाहून त्याने कळवलं की हे आधीपासूनचं दिसतंय. थोड्या वेळाने सुपरवायझरचा फोन आला. त्यांचं म्हणणं, एकदा गाडी गेटबाहेर गेली की पुढच्या गोष्टींना आम्ही जबाबदार राहत नाही. म्हणजे ती रेघ आधीचीही होती आणि नंतरचीही होती. फक्त मधल्या दिवसात, गाडी त्यांच्या ताब्यात असताना, तेवढी ती नव्हती.

या दोघांवर मी चिडले, पण फार वेळ चिडून राहता येईना, कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मोठ्या सर्व्हिस सेंटरची रचनाच अशी असते की जो तुमच्याशी बोलतो त्याने गाडीला हात लावलेला नसतो, आणि ज्याने हात लावलेला असतो त्याला तुमच्याशी बोलायची मुभा नसते. मध्ये काच. काचेच्या अलीकडे सोफे, मासिकं, आवाज बंद केलेला टीव्ही. पलीकडे लिफ्ट, कॉम्प्रेसर, काळे झालेले हात. ॲडव्हायझर जॉब कार्ड लिहितो. ते कार्ड फ्लोअरवर जातं, तिथून टायर सेक्शनला, मग अलाइनमेंटला, मग वॉशिंगला, शेवटी फायनल तपासणीला. जो तो आपल्या चौकटीत टिक करतो. संध्याकाळी ॲडव्हायझरच्या हातात सगळ्या टिक असलेला कागद पडतो. त्याच्या लेखी माझी चाकं निर्दोष होती, कारण 'चाके' या शब्दापुढे खूण होती.

लहान गॅरेजमध्ये हे होत नाही. तिथे मिस्त्री स्वतःच गाडी घेतो, स्वतः खोलतो, स्वतः पैसे घेतो. त्याच्या हातून चाक खरचटलं तर तो आधी अंगठ्याने पुसून बघतो, मग डोकं खाजवतो, मग किंमत कमी करायला लागतो. हुज्जत तिथेही होते. पण कुणी केलं, हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. मोठ्या ठिकाणी नुकसान होतं आणि करणारा कुणीच नसतो.

माणसांकडून उत्तर मिळणार नाही असं दिसल्यावर मी चाकाकडेच नीट बघायचं ठरवलं. आणि इथे मला मान्य केलं पाहिजे की त्यानंतरचा भाग मला आवडायला लागला.

चाक फुटपाथच्या कडेला घासतं तेव्हा काय होतं ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. घासलेला भाग म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा असतो, पूर्ण फेरा क्वचित. चरे जाड-बारीक, एकमेकांशेजारी, खरबरीत. दगडाची भुकटी आत भरलेली. आणि रिमच्या आधी किंवा रिमबरोबर टायरची बाजू घासली जाते, कारण बहुतेक टायर रिमच्या जरा बाहेरच असतात. माझी रेघ यातल्या कशातच बसत नव्हती. ती एकच होती, सगळीकडे सारख्या जाडीची, आणि कडेपासूनचं तिचं अंतर कुठेही बदलत नव्हतं. अशी रेघ पडायला एक टोकदार वस्तू जागच्या जागी स्थिर हवी आणि चाक तिच्याखाली फिरायला हवं. रस्त्यावर असं होत नाही. टायर चेंजरवर नेमकं असंच होतं.

त्या मशीनची कल्पना नसेल तर सांगते. खाली फिरती थाळी, तिच्यावर चार पंजे. चाक दर्शनी बाजू वर करून आडवं ठेवायचं, पंजांनी खालून पकडायचं. वरून एक उभा दांडा येतो, त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारख्या आकाराचं डोकं. हे डोकं रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहायला हवं. लोखंडी पहारीसारखा एक लिव्हर टायरची कड उचलून डोक्यावर चढवतो, मग थाळी फिरते आणि टायर सोलल्यासारखा रिमवरून निघत जातो. चढवताना उलटं. अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकांसाठी डोक्यात प्लास्टिकचा तुकडा बसवतात, पंजांना प्लास्टिकच्या टोप्या घालतात, लिव्हरवर प्लास्टिकची बाही चढवतात. टायरच्या कडेला साबणासारखी पेस्ट लावतात. हे सगळं असेल तर चाकाला काही होत नाही. यातलं एक जरी नसेल तर पोलाद आणि ॲल्युमिनियम यांची गाठ पडते, आणि त्यात कोण हरतं हे सांगायला नको.

हल्लीच्या टायरांनी हे काम आणखी अवघड केलंय. चाकं मोठी आणि टायर बुटके करायची टूम निघाल्यापासून टायरची बाजू आखूड आणि ताठ झाली. उंच बाजूचा टायर वाकतो, ऐकतो. बुटका टायर ऐकत नाही, त्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना आधार घेतला जातो तो रिमच्या कडेचा.

आता खळगा. दोन चाकांवर खळगे होते आणि दोन्ही व्हॉल्व्हपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, एकाच दिशेला. मी दोरी लावून पाहिली. याचं कारण नंतर कळलं. व्हॉल्व्हच्या आतल्या अंगाला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तो फुटू नये म्हणून काम करणारा माणूस चाक नेहमी एका ठरावीक स्थितीत आणून मगच लिव्हर घालतो. हाताला पडलेली ती सवय असते. फुटपाथला व्हॉल्व्ह कुठे आहे हे ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. साच्यात रबर दाबलं जातं तेव्हा हवा बाहेर जायला सूक्ष्म भोकं ठेवलेली असतात, त्यात शिरलेलं रबर म्हणजे हे केस. माझ्या टायरांच्या बाजूवर, रिमच्या रेघेपासून बोटभर अंतरावर, ते सगळे केस ताठ उभे होते. त्या टायरांनी कुठल्याही दगडाला, कठड्याला, कशालाही अंग लावलेलं नव्हतं. 'नंतरचं असेल' या म्हणण्याची त्या केसांनी वाट लावली.

'आधीचं असेल' याचं उत्तर मात्र त्यांनीच दिलं, आणि तेही माझ्या फोनवर. सर्व्हिसच्या दिवशी दुपारी त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला होता. हल्ली बरीच सर्व्हिस सेंटरं असा व्हिडिओ पाठवतात: गाडी लिफ्टवर, आणि एक आवाज सांगतोय की हे बघा मॅडम, टायर कसे संपलेत, बदलणं गरजेचं आहे. कॅमेरा टायरच्या खाचांवरून सावकाश फिरतो. तसा तो फिरताना प्रत्येक चाकाची कड चौकटीत आली होती, टॉर्चच्या लख्ख उजेडात, कोरडी. एकही रेघ नाही. टायर विकण्यासाठी काढलेला व्हिडिओ त्यांच्याच विरोधात साक्षीला उभा राहिला. तो एका लिंकवर होता. अशा लिंक काही दिवसांनी बंद पडतात, म्हणून सगळ्यात आधी मी तो उतरवून घेतला.

एवढं हाताशी घेऊन मी तिथे गेले. काउंटरवर माझ्या आधी एक गृहस्थ होते. त्यांचा आवाज पार पार्किंगपर्यंत येत होता. त्यांच्या गाडीचं काय झालं होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, कारण आवाज चढल्याबरोबर बोलणं गाडीवरून आवाजावर गेलं. "सर, प्लीज, असं बोलू नका." "मी कसं बोलायचं ते तू मला शिकवणार?" पाच मिनिटांत तक्रार बाजूला पडली आणि त्यांचा स्वभाव हाच विषय झाला. त्यांना एका केबिनमध्ये बसवलं गेलं आणि बाहेर येताना त्यांच्या हातात पुढच्या सर्व्हिसच्या सवलतीचं कूपन होतं. ओरडणाऱ्याला गप्प करायची सोय सगळ्यांकडे असते. मला ते कूपन नको होतं. मी सुपरवायझरना एवढंच म्हणाले, की गाडी लिफ्टवर घ्या, मला चाकांची मागची बाजू बघायची आहे.

"मागची? तुमची तक्रार तर पुढच्या बाजूची आहे ना?"

"हो. पण बघू."

कस्टमरला फ्लोअरवर यायला मनाई असते, त्याची पाटीही असते, आणि ती योग्यच आहे. डोक्यावर दीड टनाची गाडी टांगलेली असते. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहायच्या अटीवर त्यांनी मला आत घेतलं. गाडी वर गेली. टॉर्च मारला. चाकाच्या मागच्या कडेवर, जिथे ब्रेकची काजळी बसून सगळं करड्या-तपकिरी रंगाचं झालेलं असतं, तिथे चार ठिकाणी कोरा धातू चमकत होता. चार ठसे, एकमेकांपासून बरोब्बर पाव वर्तुळावर. दुसरं चाक: चार. तिसरं: चार.

चाकाच्या मागच्या बाजूला फुटपाथ पोचत नाही. मिस्टरही पोचत नाहीत.

सुपरवायझर काही बोलले नाहीत. त्यांनी ठशांवरून अंगठा फिरवला आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, की त्यांनी तो वाजला असं ठरवलं, देव जाणे. ते बाजूला गेले. टायर सेक्शन समोरच होता. तिथला मुलगा मघापासून आमच्याकडे बघत होता. मी पट्ट्याच्या अलीकडूनच विचारलं, "दादा, हेच का मशीन?"

त्याने मान हलवली. मग इकडेतिकडे बघून त्याने ते बदकाचं डोकं माझ्या बाजूला वळवलं. प्लास्टिकचा तुकडा एका अंगाने झिजून पार संपला होता आणि त्याखालचं पोलाद घासून घासून आरशासारखं झालं होतं. त्यावर काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेली होती, वायरमन वापरतात ती, थरावर थर. जिथे रिमची कड येते नेमकी तिथेच ती फाटली होती आणि तिची लोंबणारी शेपटी दिसत होती. पंजांच्या चार टोप्यांपैकी एक शिल्लक होती, तीही चिरलेली.

"कधीचं मागितलंय स्टोअरकडे," तो म्हणाला. "येतं येतं म्हणतात. टेप मी माझी आणतो."

आणि मग, मी काहीच विचारलेलं नसताना: "चार टायरला वेळ ठरवून दिलेला असतो, मॅडम."

हे खरं आहे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक कामाला किती वेळ लागायला हवा याचे तक्ते बनवतात, आणि अनेक ठिकाणी कामगाराची कमाई त्या तक्त्यावर मोजली जाते, घड्याळावर नाही. टोपी शोधायला, टेप पुन्हा गुंडाळायला, पेस्ट नीट लावायला त्या तक्त्यात जागा असते की नाही ते तक्ता बनवणाऱ्यालाच ठाऊक. त्या मुलाला माहीत होतं काय होतंय. त्याला ते थांबवायचं होतं, आपल्या पदरच्या टेपने तो ते थांबवायचा प्रयत्नही करत होता. पण त्याचं म्हणणं ॲडव्हायझरपर्यंत जाण्याचा रस्ता नव्हता, मॅनेजरपर्यंत तर नाहीच. ज्या माणसाला सगळं माहीत होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्यांना विचारलं जात होतं त्यांना काही माहीत नव्हतं. माझा राग त्या क्षणी जागा बदलून दुसरीकडे गेला. सुपरवायझर परत आले तेव्हा तो मुलगा पाठमोरा होऊन कुणाच्या तरी टायरला हवा भरत होता.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मी व्हिडिओ दाखवला, फोटो दाखवले, मागच्या ठशांचं सांगितलं, आणि टायरच्या मशीनचं डोकं एकदा स्वतः बघा असं म्हणाले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चाकांवर लिहिलंय."

मॅनेजर अनुभवी होते. त्यांनी वाद घातला नाही. ते सरळ तोडग्यावर आले, आणि खरी घासाघीस इथून सुरू झाली. पहिला तोडगा: आमचा बॉडीशॉपवाला टचअप करून देईल, दिसणारसुद्धा नाही. हा तोडगा ऐकायला बरा वाटतो, आणि रंग दिलेल्या साध्या चाकांना तो चालतोही. माझी चाकं डायमंड कट होती. म्हणजे काय, तर चाक आधी रंगवतात, मग दर्शनी भागावरचा पातळसा थर सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातयंत्रावर, हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने कातून काढतात. त्यातून ती बारीक, वर्तुळाकार, उन्हात इंद्रधनुष्यासारखी झळकणारी चमक येते. वर पारदर्शक लॅकर. ही चमक रंगाची नसते, कातलेल्या धातूची असते. तिच्यावर ब्रशने रंगाचा ठिपका दिला की तो ठिपकाच दिसतो. शिवाय प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. लॅकर एकदा फुटलं की त्या फटीतून ओल आत शिरते आणि लॅकरखालून पांढऱ्या गांडुळांसारखी गंज सरकत जाते. वर्षभराने नखाएवढ्या खळग्याचा तळहाताएवढा डाग होतो. तेव्हा कोण कुणाला दाद देणार?

दुसरा तोडगा: पूर्ण चाकं पावडर कोटिंग करून देतो, नवीन रंग, मस्त दिसेल. यावर मी जरा थांबले, कारण हे वाईट नव्हतं. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड चढवून ती उष्णतेने पक्की करणं, टिकाऊ असतं. पण त्यासाठी चाक भट्टीत घालावं लागतं, साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला. आणि अलॉयचं चाक नुसतं ओतून तयार होत नाही. त्या मिश्रधातूत साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि जरासं मॅग्नेशियम असतं. ओतल्यावर ते ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात, मग दीडशेच्या वर काही तास ठेवून मुरवतात. चाकाची ताकद या मुरवण्यात असते. त्यानंतर त्याला पुन्हा किती तापवायचं आणि किती वेळ, हे जाणणारा माणूस असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर चाक दिसायला नवं आणि आतून मऊ. म्हणून मी विचारलं की तुमचा भट्टीवाला तापमान कशावर बघतो. उत्तर आलं, "त्यांचा वीस वर्षांचा अनुभव आहे."

इथे थोडं विषयांतर करते. ॲल्युमिनियमची चाकं ही अलीकडची हौस आहे असा माझा समज होता. पण बुगाटीने १९२४ सालीच टाइप ३५ ही शर्यतीची गाडी ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर उतरवली होती, फ्रान्समधल्या लिऑंच्या ग्रां प्रीमध्ये. ब्रेकचा ड्रमसुद्धा चाकाच्याच ओतकामात होता, म्हणजे चाक काढलं की ब्रेक समोर. सुंदर गाडी. त्या पहिल्या शर्यतीत मात्र तिचं नशीब काही उघडलं नाही. चाकं टिकली आणि टायरांनी दगा दिला. शंभर वर्षांनी माझ्याकडे नेमकं उलटं झालं होतं.

तिसरा तोडगा कूपन. ते मी टेबलावरच ठेवलं.

शेवटी ठरलं ते असं. ज्या दोन चाकांना खळगा पडला होता ती नवीन द्यायची, कारण तेवढा खळगा जाईपर्यंत कातायचं तर बराच धातू काढावा लागला असता. चाक कितीही वेळा कातता येत नाही. दर खेपेला थोडा थोडा धातू जातो आणि दोन-तीनदा झालं की पुरे. उरलेली दोन, ज्यांच्यावर नुसती रेघ होती, ती बाहेरच्या लेथवाल्याकडून कातून, लॅकर देऊन घ्यायची. मागच्या बाजूचे ठसे घासून, साफ करून, तिथेही लॅकर. टायर पुन्हा काढायचे आणि घालायचे ते दुसरीकडच्या, पोलादी डोकं रिमला न लावणाऱ्या मशीनवर. मला हे कागदावर हवं होतं, चाकागणिक, काम कोण करणार त्याच्या नावासकट.

मॅनेजरना कागदावर एकच गोष्ट नको होती: हे आमच्याकडून झालं. त्याऐवजी ग्राहकाच्या समाधानासाठी असं लिहितो म्हणाले. आधी मला ते झोंबलं. पण कंपनीकडून कबुली पिळून काढायला बसले असते तर चाकं राहिली असती बाजूला. वकिलांनी त्यांना ते वाक्य लिहू नका म्हणून सांगितलेलं असतं, आणि माणूस समोर बसून ते वाक्य सोडून बाकी सगळं कबूल करत असतो. त्या एका ओळीसाठी माझी घासाघीस करायची तयारी नव्हती. चाकांच्या यादीत मात्र मी एक शब्दही सोडला नाही.

चाकं परत आली तेव्हा मी ती कोरडी मागितली. पाणी नाही, पॉलिश नाही. ॲडव्हायझरला ते विचित्र वाटलं, पण त्याने ऐकलं. नट एअर गनने करकचून न आवळता टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर झाला की कळवणाऱ्या पान्याने, आवळा, असंही सांगितलं. बहुतेक प्रवासी गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास जोर पुरतो. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गनने तो कुठल्या कुठे जातो, आणि मग रस्त्यात पंक्चर झालं की पाना तुटेल पण नट हलत नाही. नट आवळायचे ते समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा तपासायचे. हे शेवटचं ते कधी आपणहून सांगत नाहीत, कारण त्यासाठी गाडी परत यावी लागते आणि त्याचं बिल होत नाही.

नवी आणि कातलेली चाकं शेजारी शेजारी पाहिली तर कातलेल्यांची चमक किंचित वेगळी आहे. लेथवरच्या हत्याराचा वेग वेगळा पडला असेल. मला दिसतं, इतर कुणाला दिसत नाही, आणि हे मी इतरांना दाखवणं आता बंद केलंय.

मग फीडबॅकचा फोन आला. त्याआधी ॲडव्हायझरचा आला. "मॅडम, उद्या तुम्हाला कंपनीतून कॉल येईल. दहापैकी दहा द्या ना, प्लीज. नऊ दिले तरी आम्हाला ऐकावं लागतं." यामागे एक इतिहास आहे. फ्रेड रायकेल्ड या व्यवस्थापन सल्लागाराने २००३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहून मांडलं की कंपनीने ग्राहकाला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही आमची शिफारस दुसऱ्याला कराल का, शून्य ते दहापैकी गुण द्या. नऊ-दहा देणारे आपले समर्थक, सात-आठवाले जमेत धरायचे नाहीत, सहा आणि त्याखालचे सगळे नाराज. समर्थकांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा केली की कंपनीचा गुण. कल्पना साधी होती म्हणून ती जगभर पसरली, आणि पसरता पसरता ग्राहकाला समजून घेण्याऐवजी ॲडव्हायझरच्या मानगुटीवर बसली. शाळेत आठ गुण म्हणजे हुशार. इथे आठ म्हणजे ना जमेत, ना वजाबाकीत.

फोनवरची बाई अतिशय नम्र होती. मी सांगितलं, ॲडव्हायझरला दहा, बोलणं चांगलं आहे. मॅनेजरना आठ. टायर सेक्शनच्या मुलाला दहा द्यायचे आहेत.

"मॅम, टेक्निशियनसाठी वेगळा प्रश्न नाहीये."

"बरं. मग एक निरोप लिहून घ्या. टायर चेंजरच्या डोक्यातला प्लास्टिकचा तुकडा आणि पंजांच्या टोप्या बदलायला हव्यात. स्टोअरकडे मागणी गेलेली आहे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला.

"मॅम, याला मी 'इतर' मध्ये टाकू का? की स्वच्छतेमध्ये?"

"कुठे टाकलं तर कुणी वाचेल?"

ती हसली, अगदी मनापासून, आणि म्हणाली की एक मिनिट होल्डवर राहा, मी सीनियरना विचारते.